चंपाबाईंची घोळ

प्रितीला कावीळ झाली तेव्हा तिच्या आईने, घोडपदेवच्या चंपाबाईंनी, भुईआवळा वाटून पाजला आणि दवाखान्यात न्यायला उशीर केला. पोरगी गेली. मागे तिने पाळलेलं कासव तेवढं राहिलं.

कोबीच्या पानांवर ते सुकत चाललं, तेव्हा चंपाबाई एका बंद गोदामामागच्या मोकळ्या जागेतून त्याच्यासाठी पाला आणू लागल्या. पाला ओळखण्यात त्यांचा हात धरणारं चाळीत कुणी नव्हतं. शेजारच्या मेघनाला त्या दाखवत, "घोळ आणि दुधीचं तण, दोन्ही जमिनीला चिकटून वाढतात, पण देठ मोडून बघायचा. पांढरा चीक आला तर ती दुधी, टाकून द्यायची. नुसतं पाणी आलं तर घोळ. ती खुशाल घाल." दोन वर्षं कासव त्यावर छान जगलं.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी नेहमीसारखी घोळ आणली, एकेक देठ मोडून पाहिला. ती खाऊन कासवाने मान आत ओढली, ती पुन्हा बाहेर काढलीच नाही.

"पाला बरोबर होता," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "त्याच्यावर तणनाशक मारलेलं असणार."

चंपाबाई तडक त्या जागेवर गेल्या. कडेचं गवत पिवळं पडलं होतं. रखवालदार म्हणाला, "मावशी, टॉवर येतोय इथे, औषध मारलंय. वास नाय आला तुम्हाला?"

वास आला होता. त्यांना तो गटाराचा वाटला होता.

"मावशी, तुमची काय चूक यात?" मेघना म्हणाली. हल्ली बाजारातली मेथीची जुडीसुद्धा चंपाबाई मेघनाकडून निवडून घेतात. स्वतः पाल्याला हात लावत नाहीत.