नारळाआधीचे दोन तास

आमच्या गावचा हेमकांत टेक्नो नावाचे संगीत करतो. त्यात शब्द नसतात, सूर बेताचेच असतात, ठोका मात्र एकदा सुरू झाला की थांबत नाही. आठ वर्षे पुण्यात राहून त्याने तीन मित्रांसह ‘तापीतळ’ हे लेबल काढले. लेबल म्हणजे स्वतःच्या संगीतावर स्वतःच मारायचा शिक्का. चौघे एकमेकांचे ऐकतात आणि एकमेकांना अप्रतिम म्हणतात.

त्याचे वडील रेवजी यांचे सारंगखेड्यात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचे दुकान आहे. यंदा तापीकाठच्या उन्हाळी महोत्सवात लेबलला स्वतःचे स्टेज मिळाले, तेव्हा बापलेकांत करार झाला. अध्यक्ष गिरधरभाईंनी पुढच्या वर्षीही स्टेज दिले, तर रेवजी दुकानाचा विषय काढणार नाहीत. नाही दिले, तर सोमवारपासून हेमकांत दुकानात.

कार्यक्रमपत्रिका माझ्याकडे होती. पाच वाजता दीपप्रज्वलन, श्रीफळ वाढवणे, सत्कार आणि मग ‘तापीतळ’, असे मी रीतसर लिहिले. हेमकांतने पहिल्या तिन्ही बाबी खोडल्या.

“काका, टेक्नोला उद्घाटन नसतं. ते हळूहळू उमलतं,” तो म्हणाला.

मी खोडलेल्या जागी त्याची सही घेतली.

केळी काढून मोकळ्या केलेल्या रानात चार-पाचशे माणसे जमली. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, सगळे सतरंज्यांवर. मे महिन्याच्या उन्हात काळा शर्ट घालून हेमकांत आला, कुणाला नमस्कार न करता त्याने एक बटण फिरवले आणि ठोका सुरू झाला.

लोक शांत बसून राहिले. कुणी कुल्फी खाल्ली, कुणी सोयरिकीचे बोलून घेतले. तासाभराने हेमकांतने तेच बटण पाव इंच आणखी फिरवले आणि डोळे मिटले. श्रोते आत उतरत आहेत, असे त्याच्या एका मित्राने मला सांगितले. श्रोते नारळाची वाट पाहत होते. आमच्याकडे नारळ फुटेपर्यंत स्टेजवरून जे ऐकू येते ते टेस्टिंग असते, हे शाळकरी पोरालाही कळते. सारंगखेड्यात जन्मलेल्या या संगीतकाराला ते पुण्यात विसरायला झाले होते.

सात वाजता त्याची आत्या सुंदरबाई स्टेजच्या पायरीशी गेली.

“हेमू, टेस्टिंग भलती लांबनी रे. कार्यक्रम कव्हय सुरू व्हई?”

हाच कार्यक्रम आहे आणि तो दोन तासांपासून चालू आहे, असे त्याने डोळे न उघडताच समजावले. आत्याने ते मनावर घेतले नाही.

“नारळ कोठे फुटना आजून?”

शेजारच्या मंडपातून तिने नारळ आणला आणि स्टेजच्या लोखंडी पायावर फोडला. ठोका तोच होता, तसूभरही बदलला नव्हता. पण सगळे रान उठले. शिट्ट्या झाल्या, रुमाल उडाले, बायकांनी फुगड्या धरल्या. हेमकांतने डोळे उघडले. आपले संगीत अखेर उमलले, असे त्याला वाटले असणार. पत्रिकेप्रमाणे आठला कार्यक्रम बंद झाला आणि जेमतेम तासाभरात गुंडाळला म्हणून लोक कुरकुरत पांगले.

गिरधरभाई मात्र खूश होते. त्यांनी हेमकांतच्या खांद्यावर हात ठेवला.

“दोन तास टेस्टिंग, पण एकदाही भोंगा चिरकला नाही. पुढच्या वर्षी तिन्ही स्टेजची टेस्टिंग तुझ्याकडेच.”

“आणि आमचं स्टेज?” हेमकांतने विचारले.

“तिथे ऑर्केस्ट्रा ठेवू. वेळेवर सुरू होणारं काहीतरी पाहिजे ना लोकांना.”

सोमवारी हेमकांत दुकानात बसला, काळ्याच शर्टात. मोटार भरून झाली की तो ती चालू करतो, डोळे मिटतो आणि तिची घरघर गरजेपेक्षा बराच वेळ ऐकत राहतो. गिऱ्हाईक बाकावर बसून असते. थांबायची सवय आमच्या लोकांना आहेच.