भाऊंचं लाल बटण

दिगंबरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या एसटीत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "गजाननभाऊ, संपलं सगळं." महिना झाला. रडू आलं नाही, थकवा आला… तो अजून उतरत नाही. भाऊ खासदार होते ती पाच वर्षं मी दिल्लीत त्यांचा स्वीय सहायक होतो. पत्रं लिहिणं, टिपणं काढणं आणि शिव्या खाणं, तिन्ही खाती माझ्याकडे.

सभागृहात भाऊ गप्प असत. स्थायी समितीत मात्र त्यांना कंठ फुटे. तिथं कॅमेरे नाहीत, पक्षाचा व्हिप नाही. विरोधी पक्षाचा सदस्यही त्यांच्या डब्यातली जवसाची चटणी चाखत "सही बात है" म्हणे. बोरी अरबच्या सुशीलाबाईंचा नवरा रोजंदारीनं कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं गेला होता. अशा मजुरांना संरक्षक पोशाख आणि फुकट उपचार मिळालेच पाहिजेत, हे एक वाक्य समितीच्या अहवालात घालायला भाऊ दीड वर्ष झिजले. ते छापून आलं त्या दिवशी त्यांनी बाईंना फोन केला, "बाई, हे कायद्यात आणीन. शब्द हाय माहा."

पण अहवाल म्हणजे नुसता सल्ला. सरकारचं विधेयक आलं, त्यात ते वाक्य नव्हतं. विरोधकांनी नेमकं तेच दुरुस्ती म्हणून मांडलं. मतदानाच्या सकाळी आमच्या पक्षाचा व्हिप आला, दुरुस्ती पाडा. खाली तीन रेघा. म्हणजे हजर राहायचं आणि सांगितलं तसंच मत द्यायचं, नाहीतर खासदारकीवर गदा.

भाऊंचा चहा समोर गार झाला होता. "गजू, काय करू बे? मीच लिहिलं, अन् मीच नाही म्हनू?"

"भाऊ, पायावर धोंडा पाडून घेऊ नका," मी म्हणालो. "खुर्ची राहिली तर पुढं काही करता येईल." माझी नोकरी त्याच खुर्चीवर होती, हे नाही बोललो.

दुपारी त्यांनी 'नाही'चं लाल बटण दाबलं. आणि पुढं काय, कप्पाळ! पुढच्या निवडणुकीत पक्षानं तिकीटच दिलं नाही.

गावी आल्यावर भाऊ आधी सुशीलाबाईंकडे गेले. मी जीपमध्येच बसून राहिलो. आत काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. नंतर मात्र दर हंगामात ते हातमोजे, मास्क घेऊन बोरी अरबला जायचे आणि मजुरांना दटावून घालायला लावायचे. गुडघे गेले तरी जायचे.

तेरवीला सुशीलाबाई आल्या होत्या. मी पंगतीत पाणी वाढत होतो. त्यांनी मला थांबवलं.

"म्या भाऊले तवा इचारलं होतं, बटन कायले दाबलं, कोनी सांगतलं तुमाले? तर म्हने, कोनी नाही बाई, माह्या मनानंच दाबलं. खरं हाय काय जी?"

मी "हो" म्हणालो आणि पुढच्या पानाकडे सरकलो.

बाई, ते खोटं होतं. सांगणारा मी होतो.