बिल्ला नंबर चारशे सतरा

गुणाजी मेस्त्रीच्या हातून गेलेल्या लोखंडावर चारशे सतरा हा आकडा असायचाच. मग ती मसाल्याच्या गिरणीची पुली असो, नाहीतर शिवडीच्या होडीचा पंखा. चारशे सतरा हा त्याच्या बापाचा, बुधाजीचा, मिलमधला बिल्ला नंबर. बुधाजी मेकॅनिक खात्यात फिटर. मिल बसली, बिल्ला कुठं गेला देव जाणे, पण आकडे ठोकायचे पोलादी पंच त्यानं तंबाखूच्या डब्यातून घरी आणले होते. तो डबा लेकाकडं आला.

डब्याबरोबर एक रीतही आली. वस्तू दोन तुकड्यांची असली, की जोडणी नीट जुळवायची आणि मग सांध्यावरच नंबर ठोकायचा. चार एका तुकड्यावर, सात दुसऱ्यावर, आणि मधला एक आडवा करून सांधा ओलांडून. पुढं कुणी ती वस्तू खोलली आणि परत बसवताना एक दाता जरी चुकला, तर तो आडवा एक मधोमध मोडलेला दिसणार. "अडाण्याक पण कळाक व्हया," बुधाजी म्हणायचा.

लालबागला मसाला कांडायच्या दोन डंकांच्या मध्ये गुणाजीचा गाळा. एक लेथ, एक वेल्डिंगचं मशीन आणि भिंतीवर गावच्या रवळनाथाचा फोटो, तोही ग्रीस लागून काळवंडलेला. चैत्र-वैशाखात मिरच्यांची पोती आली की अख्खी गल्ली शिंकायची. गुणाजीला अठ्ठावीस वर्षांत एक शिंक आली नाही. त्याची बायको शेवंती म्हणायची, "नाकात लोखंड भरलाहा, शिंक येतली खयसून!"

त्या गाळ्यात गणपतीच्या आधी उन्मेष एक लहानशी जुनी मोटार ओढत घेऊन आला. उन्मेष सावंत म्हणजे गुणाजीच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेला, शिकून इंजिनीअर झालेला. पोरगा हुशार, आणि गोड बोलायला त्याहून हुशार.

"मामा, हिला मागच्या चाकांवर चालवायचीय."

"आता खयच्या चाकांवर चलता?"

"पुढच्या. इंजिन पुढची चाकं ओढतं. शर्यतीच्या ट्रॅकवर वळणात जोर दिला की नाक बाहेर पळतं. मागून ढकललं तर शेपूट फिरवता येतं."

"शेपूट फिरवूक गाडी कित्याक? कुत्रो पाळ."

उन्मेष हसला आणि खालीच बसला. लॅपटॉपवर त्यानं चित्रं दाखवली. गुणाजीनं चष्मा पुसून ती बघितली, आणि तिथंच तो फसला. कारण काम अवघड होतं. अवघड काम दिसलं की त्याला भूक लागल्यासारखं व्हायचं.

कुर्ल्याच्या भंगारातून शाळेच्या मोडक्या व्हॅनचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस आणला. मोटारीचं आडवं इंजिन काढून व्हॅनचं उभं बसवायचं, तळाला मधोमध बोगदा कापायचा, त्यातून लांब शाफ्ट मागं न्यायचा आणि मागची चाकं फिरवायची. सांगायला एक वाक्य, करायला गणपती ते शिमगा. दिवसा गिऱ्हाइकांची कामं, दुपारची झोप मोटारीला. वरळी कोळीवाड्यातून आणलेली गरीची दोरी त्यानं नाकापासून शेपटापर्यंत ताणली आणि तिच्यावर सगळी मापं धरली. इंजिन एकदा अर्धा इंच डावीकडं बसलं. गुणाजीनं वेल्डिंग तोडलं.

"मामा, अर्धा इंच कोण बघतंय?" उन्मेष कळवळला.

"शाफ्ट बघता."

उन्मेषनं काही केलं नाही असं नाही. वजनाचा हिशोब त्याचा, ब्रेकचा त्याचा. पण हात काळे झाले ते मामाचे. शाफ्ट तर गुणाजीनं जन्मात केला नव्हता असा केला. दोन जुन्या शाफ्टांचे दोन तुकडे कापून, तासून, एकात एक सरकणारे दाते घासून, दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत आणून. मग डबा उघडला. दाते जुळले त्या सांध्यावर चार इकडं, सात तिकडं, मधला एक आडवा.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मोटार गल्लीत उतरली. उन्मेषनं पाय दिला, मागची चाकं जागेवर फिरली आणि गल्लीतली हळद-मिरचीची भुकटी मसाला न्यायला आलेल्या बायकांच्या अंगावर गेली. बायकांनी सात पिढ्या उद्धरल्या. उन्मेष उडी मारून बाहेर आला, मामाला मिठीच मारली.

"मामा, दारावर लिहिणार मी. मोठ्या अक्षरात. बांधणी : गुणाजी मेस्त्री, लालबाग. शब्द देतो."

"पुरे रे, चल," गुणाजी म्हणाला. पण जेवताना त्यानं शेवंतीला ते तीनदा सांगितलं. बापानं ठोकलेला नंबर आणि त्यानं ठोकलेला नंबर, दोन्हींचा जन्म यंत्रांच्या पोटात गेला होता. तेलात, अंधारात, जिथं वाचणारा कुणी नाही. आता नाव दारावर, उजेडात येणार होतं.

"तिसऱ्यांदा सांगितलात," शेवंती म्हणाली. "भात थंड झालो."

रंगकामाला म्हणून मोटार गेली ती दीड महिना दिसली नाही. मग एक दिवस उन्मेषचा फोन आला. परळला जुन्या मिलच्या जागी उभ्या असलेल्या टॉवरच्या अंगणात मोटारींचं प्रदर्शन आहे, ये. गुणाजीनं लग्नाकार्यातला सदरा घातला. शेवंती अबोलीचा वळेसर माळून निघाली.

मोटार लाल झाली होती. नवरी दिसत होती, खोटं कशाला बोला. दारावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, बांधणी : उन्मेष सावंत.

"अवो, तुमचा नाव खंय?" शेवंतीनं विचारलं.

"दुसऱ्या बाजूक आसात."

तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. तिथंही तेच. मग त्या सदऱ्यानिशी गुणाजी फरशीवर गुडघे टेकून वाकला आणि मोटारीच्या पोटाखाली बघितलं. शाफ्ट काळ्या रंगानं चकचकत होता. सांध्यावर बोटभर जागा सपाट घासलेली. चार नाही, सात नाही, आडवा एक नाही.

तो उठेपर्यंत उन्मेष दोन सुटाबुटातल्या माणसांना घेऊन आला होता.

"सर, हे माझे मामा. लेथवर थोडी मदत केली ह्यांनी."

माणसांनी हात मिळवला आणि ती पुढं गेली. गुणाजी तिथंच उभा. थोडी, हा शब्द त्याच्या कानात मिरचीच्या भुकटीसारखा बसला.

उन्मेषनं त्याला खांबाआड नेलं. "मामा, समजून घे ना. स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या गटात नाव दिलंय. दुसऱ्या कुणाचं दिसलं की बाद करतात. पुढच्या गाडीला नक्की."

गप्प बसलेल्या माणसाला राग नाही, असं समजणारी जात असते, उन्मेष त्यातला. त्यानं लगेच आवाज खाली आणला. "बरं, एक विचारायचं होतं. रंगानंतर सत्तरच्या पुढं गेली की थरथरते. चाकं दोनदा बॅलन्स केली. रविवारी ट्रॅकवर उतरायचंय."

"शाफ्ट खोललेलो?"

"रंगासाठी, हो."

"आनि नंबर?"

उन्मेष बुटांकडं बघत म्हणाला, "ग्राइंडर मारला."

"मगे बसवलास कशावरसून?"

"अंदाजानं."

"दाता चुकलो," गुणाजी म्हणाला. "चार आनि सात माझ्या घरचे होते, ते घासलंस तर घास. आडवो एक शाफ्टाचो होतो, झिला. काढ आनि गाळ्यात हाड. तसोच पळवलंस तर बोगदो फोडून तुझ्याच मांडीत येतलो."

परतताना शेवंती लालबागपर्यंत चार पावलं पुढंच चालली. गाळ्यापाशी आल्यावर म्हणाली, "गप कशे रवलात? चार माणसांत सांगूचा होता."

"काय सांगू? भाचो खोटा बोलता म्हणान? मगे बहिणीक तोंड कसा दाखवू?"

बुधवारी दुपारी उन्मेष शाफ्ट खांद्यावर घेऊन आला. चुकीचा बसवून द्यायचा विचार गुणाजीच्या मनात आला नाही. आला असता तरी हातानं ऐकलं नसतं. त्यानं शाफ्ट खोलला, दाते रॉकेलनं धुतले, दोन्ही टोकं ठोकळ्यांवर ठेवून रेषेत आणली. एकच दाता सरकला होता. परत बसवून त्यानं तो हातानं फिरवला, बोटं लावून बघितलं, आणि सवयीनं डब्याकडं हात नेला.

"मामा," उन्मेष घाईनं म्हणाला, "नंबर नको. नुसते दोन ठिपके मार ना. तपासणीत खाली वाकून बघतात."

शेजारचा डंक धडधडत होता. गुणाजीनं उघडलेलं झाकण लावलं. खिळ्यासारखा साधा पंच घेतला आणि सांध्याच्या इकडं एक, तिकडं एक, असे दोन ठिपके मारले. कुणीही मारावेत तसे. त्याच्या गाळ्यातून नंबराशिवाय बाहेर पडलेली ती पहिली वस्तू.

रविवारी फोन आला. "मामा! थरथर गेली! लोण्यासारखी पळाली! गटात दुसरा आलो!"

"बरा झाला."

"आता पुढची गाडी घेतोय. हिच्यापेक्षा भारी. आठवड्यात आणून लावतो तुझ्याकडं. आणि ह्या वेळी दारावर—"

"लेथवर थोडी मदत व्हयी आसात तर सुटो भाग हाड," गुणाजी म्हणाला. "तासून दितंय. दोन ठिपके मारून. गाडी आता तूच बांध, तुका येता."

पलीकडं उन्मेष काहीतरी हसण्यावारी न्यायला बघत होता. गुणाजीनं फोन खिशात टाकला आणि मसाल्याच्या गिरणीची पुली लेथवर चढवली.

शेवंती जेवणाचा डबा घेऊन आली होती. "कोण होतो?"

"गिऱ्हाईक," गुणाजी म्हणाला, आणि लेथ चालू केला.