बिळातलं मटण

आमच्या पोर्टलंड बेटावरच्या दगडखाणीत सगळ्यात हट्टी माणूस म्हणजे इनॉक कोम्बेन. बिळं पोखरणाऱ्या त्या लांबकान्या प्राण्याचं नाव या बेटावर कुणीच घेत नाही. त्याच्या बिळांनी खाणीचा कडा पोखरला जातो आणि एक दिवस माणसांवर कोसळतो. तो नुसता दिसला तरी आम्ही हत्यारं खाली ठेवून घरी जातो. फारच वेळ आली तर ‘बिळातलं मटण’ म्हणायचं. इनॉकला तेवढंही खपत नसे. त्याचा थोरला भाऊ असाच दगडाखाली गेला होता.

आणि नशीब बघा, सून आली ती बेटाबाहेरची, त्यात शाळेतली बाई! एकदा जेवताना ऑड्री म्हणाली, "बाबा, त्या लांबकान्याचं आपलं इंग्रजी नाव जुन्या काळी फक्त पिल्लांचं होतं. मोठ्यांना वेगळाच शब्द होता. मग पिल्लांचंच नाव सगळ्यांना चिकटलं. बहुतेक समुद्रापलीकडून, फ्लेमिश लोकांकडून आलं असावं."

"म्हणजे परकंच की! धाड परत तिकडे," इनॉक म्हणाला आणि भांडण जिंकल्याच्या थाटात मटार खाऊ लागला. मी शेजारी, त्यांच्या टेबलावर नेहमीचाच. मला हसू आवरेना.

पण त्या घराला एक घोर होता. नात टॅम्सिन चार वर्षांची होत आली, तरी एक शब्द बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं. आई तिला चित्रं दाखवून नावं सांगायची, सासरे खाणीत गेले की लांबकान्याचंसुद्धा. संध्याकाळी इनॉक तिला मांडीवर घ्यायचा. "आजोबा म्हण गं, आजोबा." पोर नुसती त्याच्या मिशा ओढायची.

"शिवी दिली तरी चालेल रे," तो मला म्हणायचा, "पण तोंड उघडू दे."

एका रविवारी आम्ही अंगणात चहा पीत होतो. कुंपणाखालून तो प्राणी आला आणि खुशाल कोबी कुरतडू लागला. इनॉकने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात टॅम्सिन त्याच्या मांडीवरून घसरली आणि बोट दाखवून खणखणीत आवाजात म्हणाली, "ससा!"

ऑड्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बघत होती ती सासऱ्याकडे. मला वाटलं, हा आता उठून चालता होणार.

इनॉक उठला आणि नातीशेजारी गुडघे टेकून बसला. तिचं ते बोट त्याने मुठीत धरलं.

"होय गं माझी बाय," तो म्हणाला. "ससा. ससाच तो. म्हण परत, मीपण म्हणतो."