सुगनीच्या नावाची खोटी सही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आज सांगणार आहे, आणि मध्येच थांबणार नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बनारसच्या सरकारी रोजगार कार्यालयानं गरीब वस्त्यांतल्या लोकांना नोकऱ्या शोधून द्यायचं काम एका खाजगी संस्थेकडे सोपवलं होतं. मी त्या संस्थेत होते. अहिल्याबाई घाटामागच्या गल्लीत वाढलेली, बी.ए. झालेली, पहिलीच नोकरी — केवढा तोरा होता मला. ज्याला नोकरी लागली त्याचं कार्ड नोंदणीतून काढायचं. जितकी कार्डं निघतील, तितकं संस्थेचं नाव. आणि माझंही.

सुगनी रामनगरहून नावेनं यायची. विधवा, आठवी पास, दोन मुली. नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं चिठ्ठीनं यायचं, म्हणून दर सोमवारी तिचा एकच प्रश्न — "दीदी, हमार चिट्ठी आयल का?"

मार्चअखेरीला संस्थेचं कंत्राट पुढे चालू राहणार की नाही, ते ठरणार होतं. माझी कार्डं कमी पडत होती. मग मी — सांगतेच — सुगनीच्या कार्डावर 'शिलाई केंद्रात नोकरी' असं लिहिलं. असं केंद्रच नव्हतं. खाली तिची सही मीच ठोकली. तिचंच कार्ड का? ती भांडणार नाही, हे मला ठाऊक होतं म्हणून.

दोनच महिन्यांनी सरकारी इस्पितळात आयाबाईंची भरती निघाली. विधवांना आधी बोलावणार होते. सुगनीला चिठ्ठी गेली नाही. कागदावर तिला नोकरी होती ना.

तिला ते बाजारात कळलं, तशी ती आली. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "तुमने कार्ड समय पर रिन्यू नहीं कराया होगा."

तिनं मान खाली घातली. "गलती हमार बा, दीदी." माझ्या खोटेपणाबद्दल ती माझीच माफी मागून गेली. पुन्हा आली नाही. मीही तिला शोधलं नाही — कशी शोधणार होते?

गेल्या महिन्यात शिंदे घाटावर तिच्या थोरलीनं मला ओळखलं. सुगनी आता नाही. "अम्मा मरते दम तक कहती रहीं," ती म्हणाली, "हमारी भूल से तुम दोनों की पढ़ाई छूटी."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

उद्या सकाळी रामनगरला जाणार आहे. त्या थोरलीच्या दारात उभी राहून सांगणार आहे — भूल तुझ्या आईची नव्हती. ती सही माझी होती.