आवाज बंद, ओठ चालू

पडद्यावर माझाच गळा दिसत होता. नाकातून बारीक नळी घालून डॉक्टर आतलं दाखवत होते. या तपासणीला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. नळीच्या टोकाला कॅमेरा असतो. दुखत नाही, पण डोळ्यांतून पाणी येतं.

"हे दोन पांढरे पडदे दिसतात ना ताई, या व्होकल कॉर्ड. आवाजाच्या तारा म्हणा. आणि उजव्या तारेवर हे लाल बोंड आहे, तो पॉलिप."

"कॅन्सर?" मी विचारलं. म्हणजे विचारायचा प्रयत्न केला. निम्मा शब्द हवेतच गेला.

"दिसायला तसा वाटत नाही. पण काढून तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि तुम्ही तर त्याहून कमी बोलायचं."

टेंभी नाक्याजवळच्या त्या दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला कॅन्सरपेक्षा शाळेची काळजी जास्त होती, हे खरं सांगते. मी डोंबिवलीत खासगी शाळेत पाचवी ते सातवीला मराठी आणि भूगोल शिकवते. आवाज गेलेल्या बाईला शाळा किती दिवस ठेवणार? आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. माझं सगळं शिक्षण, सगळी नोकरी, घरातला मान, सगळं गळ्यातून बाहेर पडतं. तो गळाच पडद्यावर लाल दिसत होता.

ज्यांचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी तीन महिने थांबले. तुम्ही थांबू नका.

सुरुवात नवरात्रात झाली. आम्ही कोपरला राहतो. सोसायटीच्या आरतीला पुढचा आवाज माझाच असतो. त्या वर्षी मला सर्दी झाली होती, माइक बिघडला होता आणि बाजूच्या इमारतीचा ढोल जोरात होता. मी हार मानली नाही. आठव्या माळेला वरच्या पट्टीत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि आवाज फाटला.

मग ज्येष्ठमध, हळदीच्या गुळण्या, आलं-मध. आवाज सकाळी थोडा यायचा, दुपारच्या तासाला जायचा. तरी संध्याकाळची पोथी सोडली नाही.

पोथीचं सांगायला हवं. आईला वाचता येत नाही. वडील गेल्यावर ती गावाहून आमच्याकडे राहायला आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला देवापुढे बसून मी तिला पोथीतला एक अध्याय मोठ्याने वाचून दाखवते. शेवटचा संपला की पुन्हा पहिला. लोक योगासनं करतात, माझा योग हाच, असं मी शाळेत सगळ्यांना सांगायचे. जरा तोऱ्यातच सांगायचे.

ऑपरेशन गुरुवारी झालं. नाव मायक्रोलॅरिंगोस्कोपी. पूर्ण भूल देतात, तोंडातून नळी घालून पॉलिप कापतात. बाहेर कुठे टाका नाही. संध्याकाळी घरी. काढलेला तुकडा बायोप्सीला गेला, म्हणजे त्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का ते बघायला. आणि मला व्हॉइस रेस्ट सांगितली. सात दिवस एक अक्षर बोलायचं नाही. जखम ओली असताना बोललं तर तारेवर वण राहतो आणि आवाज कायमचा घोगरा होतो.

मी वही आणि पेन गळ्यात अडकवलं. माझा नवरा संतोष मानपाड्याला कारखान्यात फिटर आहे. तो म्हणाला, "लग्नाला बावीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा." मी वहीत लिहिलं, "आठ दिवसांनी बघते." शेजारच्या शिंदेकाकू दारातूनच बोलल्या, "अगं बया, बाई गप्प? देवाला नारळ कुणी फोडला, संतोषभाऊंनी का?"

मी हसलेसुद्धा आवाज न करता. नियम म्हणजे नियम.

बोलायचं नाही, शाळा नाही, मग वेळच वेळ. एरवी दिवसाला तीन माळा जप व्हायचा, तो अकरा माळांवर गेला. जप तीन तऱ्हेचा असतो. वाचिक म्हणजे मोठ्याने. उपांशु म्हणजे ओठ हलतात, शेजारच्याला ऐकू जात नाही. आणि मानसिक म्हणजे नुसता मनात. मोठ्याने बंद होता, म्हणून मी उपांशु धरला. सकाळी उठल्यापासून ओठ चालू. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, बसमध्ये. आजारपणाचंही सोनं केलं, असं मला वाटत होतं.

आठव्या दिवशी दवाखान्यात गेलो, रिपोर्ट आला होता. बिनाइन, म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. संतोषने डोळे पुसले. मी वहीत लिहिलं, "सोमवारी शाळेत जाऊ का?"

डॉक्टरांनी नळी घातली आणि पडद्याजवळ वाकून म्हणाले, "सूज उतरलेली नाही. जखम जशी भरायला हवी तशी भरत नाहीये. बोलताय तुम्ही."

मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "एक अक्षरही नाही." खाली रेघ मारली. खूप राग आला होता. पेन ठेवून माळेच्या पिशवीत हात घातला.

डॉक्टरांची नजर माझ्या ओठांवर होती. "आणि आत्ता काय करताय?"

मी पिशवी वर करून दाखवली.

"मगापासून बाहेर बाकावर पण हेच चाललं होतं?"

मी मान हलवली.

"ताई, हे कुजबुजणं आहे. बोलण्यापेक्षा वाईट." त्यांनी आपली दोन बोटं जवळ आणून दाखवली. "कुजबुजताना तारा धड मिटत नाहीत, धड उघडत नाहीत. ताणून धराव्या लागतात आणि मधून वारा घासत जातो. असं दिवसातून किती वेळ?"

मी लिहिलं, "अकरा माळा." मग हिशोब करून पुढे लिहिलं, "अकराशे अठ्ठ्याऐंशी वेळा."

ते हसले नाहीत. "आणखी दहा दिवस पूर्ण बंद. ओठसुद्धा. देव काही बहिरा नाही ताई, त्याच्या कानात सांगायची गरज नाही. या वेळी वण धरला तर मी काही करू शकणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे. तुम्हाला व्हॉइस रेस्ट सांगितली आणि तुम्ही जप करणारे असाल, तर डॉक्टरांना आधीच विचारा. मी पदवीधर बाई. मी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

घरी आईला संतोषने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरी म्या बघतुया, व्हट हलत्यात हिचं. म्हनलं, शिकल्याली हाय, इचारून करत आसंल."

मानसिक जप मला जमला नाही. ओठ बंद ठेवले की मन सोमवारच्या तासाला जाऊन उभं राहायचं. दुसऱ्या बाईंना माझे वर्ग दिले असतील, मुलं त्यांनाच बाई म्हणत असतील. पाच मणी व्हायचे, सहावा कुठला हे कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आई देवापुढे बसली. मी सवयीने पोथी उघडली आणि तशीच थांबले. ऑपरेशनपासून पोथी बंदच होती.

"तू नुस्तं बोट ठेव," आई म्हणाली. "म्या म्हनते."

आणि ती म्हणू लागली. सातवा अध्याय, पहिल्या ओवीपासून. तिला वाचता येत नाही. एकोणीस वर्षं मी वाचत होते आणि ती वाती वळत ऐकत होती. मला वाटायचं, निम्मं तिच्या डोक्यावरून जात असेल. शब्दांचे उच्चार तिचे गावाकडचे, पण चाल माझी. मी जिथे श्वास घेते तिथेच ती श्वास घेत होती.

मी बोट सरकवत होते. अठ्ठाविसाव्या ओवीत एक बाई घागर घेऊन नदीवर जाते. आईने ती म्हटली आणि पुढची सुरू केली, त्यात तीच बाई देवळात नैवेद्य दाखवते. मी पान उलटलं. बरोबर, पुढे तेच होतं. पण ओवीचा आकडा त्रेचाळीस होता.

मी परत मागे गेले. अठ्ठावीस. पुढे त्रेचाळीस. पान बोटांत धरलं तर जाड लागलं. कधीतरी पंचामृत सांडलं असणार, दोन पानं एकमेकांना चिकटली होती. एकोणीस वर्षं मी ती एकच समजून उलटत होते. आकडा एकदाही वाचला नव्हता. आईने माझी चूकसुद्धा जशीच्या तशी पाठ केली होती.

चहाच्या वाफेवर धरून पानं हळूहळू सोडवली. आत चौदा ओव्या होत्या. आईला वहीत लिहून दाखवून उपयोग नव्हता. संतोषला वाचायला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. पान नुसतं तिच्यापुढे धरलं, आकड्यांवर बोट ठेवलं. आकडे तिला कळतात.

तिने एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. "म्हंजे मधलं ऱ्हायलंय व्हय? मला वाटायचं गं, बाई पान्याला गेली, मग घागरीचं काय झालं? पर तू वाचतीस म्हनल्यावर बराबरच आसंल."

राहिलेले सात दिवस मी ओठ हलवले नाहीत. जप जमला असं म्हणणार नाही. रोज दिवेलागणीला आईचं ऐकत बोट सरकवायचे, तेवढा वेळ मन कुठे जात नव्हतं. भक्तीच्या नऊ पायऱ्यांत ऐकणं पहिलं आणि गाणं दुसरं, हे मी मुलांना शिकवते. मी थेट दुसऱ्या पायरीवर चढले होते.

अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता बरं दिसतंय. आज फक्त पाच मिनिटं. रोज पाच वाढवा. वरची पट्टी विसरा." मी नुसती मान हलवली. बसमध्ये संतोष म्हणाला, "अगं, काहीतरी बोल की आता." मी बोलले नाही. पाच मिनिटं होती, ती मला लागणार होती.

संध्याकाळी आईने पुन्हा सातवा अध्याय धरला, अठ्ठावीस ओव्या म्हटल्या आणि थांबली. मी एकोणतिसावी वाचली. आवाज माझा नव्हता, जाड आणि खालचा होता, पण फाटला नाही.

घागर घाटाच्या पायरीवर फुटते. ती बाई परत नदीत उतरते आणि ओंजळीत पाणी घेऊन देवळाकडे चालू लागते. पोहोचेपर्यंत ओंजळीत जेवढं राहतं, तेवढंच देवाला घालते.

"आसं झालं हुतं व्हय," आई म्हणाली आणि त्रेचाळिसावी तिने उचलली.

आता मी शाळेत जाते. कॉलरला छोटा माइक लावते. आरतीला मागच्या रांगेत असते. मनातल्या जपात सहाव्या मण्याला अजूनही मन पळतं, मग मी पहिल्यापासून धरते. त्या डॉक्टरांना मी एकदा धन्यवाद म्हणायला गेले. ते म्हणाले, "आवाज वाया घालवू नका, जा घरी."

गेले.