एका कोयंड्यात दोन कुलपं

"मॅडम, माझी काय हरकत नाय. पण आधी सुनीलला विचारा. तो हो बोलला की मी हो."

यशवंत नालासोपाऱ्याहून बोलत होता. मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत त्याच्या बंद घरासमोर उभी होते. सकाळचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी चक्रीवादळ येणार होतं. आणि त्याच घराला मागून चिकटलेल्या मातीच्या, कौलारू स्वयंपाकघरात त्याची आई बसली होती.

मी धाकट्याला, डोंबिवलीला, फोन लावला.

"मॅडम, सीधी बात हाय," सुनील म्हणाला. "पहिला दादा हो बोलू दे. उद्या माझ्यावर नको यायला."

"अहो, तुमच्या आईला तुमच्याच घरात न्यायचंय. यात तुमच्यावर काय येणार?"

"तुम्हाला दादा म्हाईत नाय."

मला दादा माहीत नव्हता आणि हाही नव्हता. मला समोरची कुलपं दिसत होती. एक पितळी, एक काळं. एकाच कोयंड्यात.

मी तलाठी. कागदावर आता आमचं पदनाम लांबलचक झालंय, पण गावात आजही तलाठीबाईच. लोकांना वाटतं, ही सातबारा देणारी बाई. पण पूर, दरड, वादळ असलं काही आलं की कच्च्या घरांची यादी आम्हीच करतो. कच्चं घर म्हणजे मातीची भिंत, नाहीतर वर कौलं किंवा पत्रे. त्यातल्या माणसांना पक्क्या घरात हलवायचं, याला आम्ही स्थलांतर म्हणतो. यादीत नावापुढे 'स्थलांतर केले' असं लिहिलं की साहेब खूश. ते 'केले' कसं होतं, हे साहेबांना कुठं ठाऊक!

वाडीत वादळाचं कुणी मनावरच घेत नव्हतं. "दर्या कुठं नि आम्ही कुठं," हे वाक्य मी त्या सकाळी प्रत्येक दारात ऐकलं. मी घसा फोडून सांगत होते. प्यायचं पाणी भरून ठेवा. मोबाइल, बॅटरी चार्ज करा. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये बांधा. गुरांची दावी सोडा. आणि कृपा करून पत्र्यावर दगड ठेवू नका. वाऱ्याने पत्रा गेला की दगड खाली राहणाऱ्याच्या डोक्यात येतो.

लोकांनी माना डोलावल्या आणि आणखी दगड चढवले. एकाने तर गोठ्यावर जात्याची तळी नेऊन ठेवली.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"दगड नाय मॅडम, जातं हाय."

म्हैस तरी सोडा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि पुढे निघाले.

सगळ्या वाडीत नीट तयारी एकाच घरात होती. भागीआजीच्या. हीच ती यशवंत-सुनीलची आई. तिने पाण्याचे हंडे भरून झाकले होते. आधार कार्ड, रेशन कार्ड बरणीत घालून झाकण घट्ट लावलं होतं. काड्यापेटी तांदळाच्या डब्यात खुपसली होती, सुकी राहावी म्हणून. कोंबड्या डालीखाली. मी यादीतलं एकेक विचारत गेले आणि ती "हाय, हाय" म्हणत गेली. फक्त डोक्यावर धड छप्पर नव्हतं. मातीच्या भिंतीला तडा होता आणि कौलांवर मागच्या परसातला म्हातारा फणस कलला होता.

आणि वळसा घालून वीस पावलांवर, पुढच्या अंगाला, स्लॅबचं घर. हॉल, दोन खोल्या, खाली टाइल्स. बापाच्या मागे दोन्ही भावांनी मिळून बांधलं. मग ग्रामपंचायतीच्या नोंदीत पहिलं नाव कुणाचं, यावरून जे बिनसलं ते आजतागायत. एकाने कुलूप लावलं. दुसऱ्याने त्याच कोयंड्यात आपलं अडकवलं. गणपतीला दोघं येतात, दोघं आपापलं कुलूप काढतात, पाच दिवस तोंडं फिरवून आरती करतात आणि जाताना दोन्ही कुलपं पुन्हा लागतात. स्वयंपाकघरातून आत जायच्या मधल्या दाराला आतून कडी. किल्ली आईकडे का नाही? तर ती दुसऱ्याला देईल म्हणून! हे मला दोघांनीही, वेगवेगळ्या फोनवर, अगदी सारख्या शब्दांत सांगितलं.

"आजी, खाली शाळेत चला," मी म्हटलं. शाळा पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, अर्धा तास खाली. आजीचं खुब्याचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, ती घरातही काठी टेकत चाले. "डोली करते. चार माणसं नेतील."

"जित्तेपणी चार जणांच्या खांद्यावर कशाला नेतेस गो?"

"मग शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या घरात चला. ते लोक या म्हणतायत."

"दोन पोरांची आय मी. वादळात लोकाच्या पडवीत जाऊन बसू? ही कौलं पडली तर पडली. आणि बाय, त्या दोघांना फोन नको करू. माझ्यावरनं भांडतील."

मला तिचा राग आला आणि तिच्या पोरांचा त्याहून जास्त. चांगली माणसं हट्टी असली की सरकारी कामाला फार जड जातात.

वाडीचे पोलीस पाटील रामभाऊ माझ्यासोबत होते. पेशाने सुतार, साठीचे, बोलणं तोलूनमापून. त्यांनी सुचवलं, दोघांना एकाच वेळी फोनवर घ्या, समोरासमोर होऊन जाईल. मी कॉन्फरन्स कॉल लावला. ही त्या दिवसातली माझी सगळ्यात मोठी चूक.

"कुलूप पहिलं कुणी लावलं, ते बोल," यशवंत.

"तूच लावलंस. शिमग्याला."

"मी लावलं कारण तू देवघरातला बाबांचा फोटो नेलास."

"फोटो माझा हाय, मी काढलेला!"

"उद्या वादळ आहे," मी मध्ये म्हटलं. कुणी ऐकलं नाही. फोटोवरून फ्रेमवर आले, फ्रेमवरून कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानावर. शेवटी मी ओरडले, "गप्प बसा दोघं! आई मरेल तुमची!"

"मॅडम, तुम्ही असं बोलू शकत नाय," यशवंत म्हणाला.

"दादा बरोबर बोलतोय," सुनील म्हणाला.

इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालं ते माझ्याविरुद्ध. मी फोन कापला आणि तहसीलला साहेबांना लावला.

"कुलूप तोडायचं नाही," साहेबांनी पूर्ण ऐकून घेण्याआधीच सांगितलं. "घरात घुसल्याची तक्रार झाली तर मी मध्ये पडणार नाही."

"आणि कौलं आजीवर पडली तर?"

"तर स्थलांतर का केलं नाही, असं तुम्हाला विचारलं जाईल."

"म्हणजे दोन्हीकडून मीच."

"यादी चारपर्यंत पाठवा."

मी ओट्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते वैतागाचं. रामभाऊंनी विचारलं, "काय बोलले साहेब?"

"कुलूप तोडायचं नाही म्हणाले."

रामभाऊंनी दाराकडे पाहिलं. "कुलूप कशाला तोडायचं? दार मीच बसवलंय. कडीकोयंडा आठ स्क्रूंवर हाय, सगळे भायरनं. तो काढला की कुलपं आपली जिथल्या तिथं."

"रामभाऊ, हे तुम्ही मला दीड तासापूर्वी का नाही सांगितलं?"

"तुम्ही किल्लीचं विचारत व्हतात."

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. आणा म्हटलं स्क्रू ड्रायव्हर. सात स्क्रू मुकाट्याने निघाले. आठवा गंजलेला. त्यावर रॉकेल सोडलं, रामभाऊंनी त्याच्या पूर्वजांचा उद्धार केला, तेव्हा तो फिरला. आख्खा कडीकोयंडा दोन बंद कुलपांसकट माझ्या हातात आला आणि दार नुसत्या ढकलण्याने उघडलं.

लगेच पंचनामा केला. पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसलं ते तिथल्या तिथं लिहायचं आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. 'दोन्ही कुलपे बंद व सुस्थितीत असून कोणतेही कुलूप तोडलेले नाही. कडीकोयंडा जागेवर राहणाऱ्या श्रीमती भागीरथी यांच्या ताब्यात दिला.' रामभाऊंची सही, शेजाऱ्याची सही, आजीचा अंगठा. कुलपांचा फोटो काढून दोघा भावांना पाठवला. मिनिटाभरात दोघांचे मेसेज आले, जवळपास एकच. 'त्याचं कुलूप पण बंद आहे ना?'

आई आत गेली का, हे दोघांनीही विचारलं नाही. मी अशी शिवी दिली की रामभाऊंनी मान फिरवली.

आजी दारातच थांबली होती. आत येईना. मला वाटलं, पुन्हा हट्ट. जवळ गेले तर ती पदराने पाय पुसत होती. आधी एक, मग काठीवर भार देऊन दुसरा. आत आली ती भिंतीला धरून, आणि कोपऱ्यात गोणपाट पसरून त्यावर बसली.

"मधे बसा की आजी. पंखा आहे वर."

"नको गो. टाइल्स खराब झाल्या तर बोलतील."

मी तिचे हंडे, तांदळाचा डबा, बरणी आणि कोंबड्यांची डाल आत आणायला लावली, कडीकोयंडा तिच्या हातात दिला आणि खाली उतरले. यादीत लिहिलं, 'स्थलांतर केले, अंतर वीस पावले.'

वादळ सांगितल्या वेळेला आलं. मी खालच्या शाळेत लोकांबरोबर होते. दर्या कुठं म्हणणारे सगळे भिंतीला पाठ लावून देवाचं नाव घेत होते. पत्रे कागदासारखे उडताना आम्ही खिडकीच्या फटीतून पाहिले. संध्याकाळी वारा पडला, पण पाखाडीवर झाडं आडवी झाली होती. सकाळी फांद्या तोडत आम्ही वर गेलो.

फणस स्वयंपाकघरावर पडला होता. कौलं, वासे, तडा गेलेली भिंत, सगळं भुईसपाट. चूल जिथं होती तिथं खोडाचा मधला भाग होता. आजी दुपारी नेमकी त्या चुलीपुढे पाय पसरून बसते. मी पुढच्या अंगाला धावले.

पुढच्या घरात आजी होती. टाइल्सवर चिखलाचे पाय उमटले होते, कारण वादळात घरं उघडी पडली तशी तीन कुटुंबं तिच्याकडे पळून आली होती. ती हॉलच्या मधोमध बसून भाताचं वाटप करत होती आणि वाढणाऱ्या बाईवर खेकसत होती. जात्याची तळी गोठ्याच्या मधोमध रुतलेली सापडली. म्हैस सोडली होती म्हणून वाचली. तिचा मालक माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, तेवढं बरं वाटलं.

रस्ता मोकळा झाला त्या दिवशी दोघं भाऊ आले. एकाच एसटीने, पण एक पुढच्या सीटवर, एक मागच्या. मी नुकसानीचे पंचनामे करत तिथंच होते. दोघंही फणसासमोर येऊन थबकले. सुनील मटकन खाली बसला. मला वाटलं, चला, आली अक्कल.

थोड्या वेळाने यशवंत माझ्याजवळ आला. "मॅडम, आमचा कडीकोयंडा कुठाय?"

सुनील पण उठला. "हां. कुलपं?"

माझ्या हातातलं पेन मी फेकून मारणार होते. त्याआधी आजी दारातून बोलली.

"बाईंनी मला दिला व्हता. मी चुलीच्या कोनाड्यात ठेवला. चूल त्या फणसाखाली हाय. काढा दोघांनी फणस आणि न्या तुमची कुलपं."

कोयंडा मी आदल्या सकाळीच पाहिला होता, हॉलमध्ये, तिच्या तांदळाच्या डब्यामागे. मी पेन उचललं आणि पुढचा पंचनामा लिहायला घेतला.

दोन भावांनी दोन दिवस एका करवतीची दोन टोकं धरून तो फणस कापला. कुलपं सापडली नाहीत. भावांनी रामभाऊंना नवा कडीकोयंडा बसवायला सांगितलं, तर ते म्हणाले, आता छपरांची कामं आहेत, बघू पावसाळ्यानंतर. मला तहसीलमधून 'बंद घर का उघडले' म्हणून खुलासा मागणारी नोटीस आली. मी पंचनाम्याची प्रत आणि फणसाचा फोटो जोडला. पुढे कुणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून वादळाच्या यादीत मी हाताने एक रकाना वाढवते. 'घराची किल्ली घरात राहणाऱ्याकडे आहे काय?' साहेब म्हणाले, हा कुठल्या परिपत्रकात आहे? म्हटलं, परिपत्रकात नाही साहेब, वाडीत आहे.

रामभाऊंचा पावसाळा अजून संपलेला नाही. ते दार आता फक्त आतून लागतं. गणपतीला दोघं भाऊ ओट्यावर बॅगा ठेवून उभे राहतात आणि आईला हाक मारतात.